खाटेचे पैसे मिळतात, छपराचे नाहीत

समजा, आठ वर्षांचा एक मुलगा आहे. अमेरिकेतल्या नॉर्थ कॅरोलायना राज्याच्या पश्चिमेला, ॲशव्हिलच्या आसपासच्या डोंगराळ भागात, भाड्याच्या जुन्या मोबाइल होममध्ये राहतो. मोबाइल होम म्हणजे कारखान्यात तयार करून गाडीवरून आणून ठेवलेलं, लांबट डब्यासारखं घर. खाली ओल, वर या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत चिकटवलेलं कार्पेट आणि कार्पेटच्या पोटात काळी बुरशी. मुलाला दमा. दर दीड-दोन महिन्यांनी रात्री धाप लागते, श्वास घेताना बरगड्या आत ओढल्या जातात, आई त्याला घेऊन इमर्जन्सीला पळते. तिथं नेब्युलायझर लावतात, स्टेरॉइड देतात. पहाटे छाती मोकळी झाली की नवा पंप लिहून देतात आणि घरी पाठवतात. घरी म्हणजे त्याच कार्पेटवर.

या सगळ्याचं बिल मेडिकेड हा गरिबांसाठीचा सरकारी विमा भरतो. ॲम्ब्युलन्सचं, डॉक्टरचं, पंपाचं, दर वेळी, बिनबोभाट. कार्पेट उचकटून टाकायला मात्र तो एक डॉलर देऊ शकत नाही. कार्पेट काढणं हा उपचार नव्हे.

मुलगा मी उदाहरणापुरता उभा केलाय. पण २०२२ ते २०२५ अशी तीनेक वर्षं त्या राज्यातल्या ३३ काउंट्यांमध्ये (काउंटी म्हणजे साधारण आपला तालुका-जिल्हा यांच्या मधलं काहीतरी) सरकारी विम्यातून कार्पेटचे पैसे खरंच देता येत होते. भाजीपाल्याच्या पेटीचे, घराच्या डिपॉझिटचे, दवाखान्यात जायच्या गाडीभाड्याचेही. हे कसं जमवलं, त्याचा उपयोग किती झाला आणि ते बंद का पडलं, ते समजून घ्यायचं तर आधी त्या विम्याची कुंडली बघावी लागेल.

आधी नावांचा घोळ मिटवू. मेडिकेअर आणि मेडिकेड या जुळ्या बहिणी. ३० जुलै १९६५ रोजी अध्यक्ष लिंडन जॉन्सन यांनी मिझुरी राज्यातल्या इंडिपेंडन्स गावात, माजी अध्यक्ष ट्रुमन यांना शेजारी बसवून एकाच कायद्यावर सही केली, त्यातून दोघी जन्मल्या. मेडिकेअर मुख्यतः ६५ च्या पुढच्यांसाठी, ती केंद्र सरकार चालवतं. मेडिकेड गरिबांसाठी, ती केंद्र आणि राज्य मिळून चालवतात. केंद्र किमान निम्मा खर्च उचलतं, मिसिसिपीसारख्या गरीब राज्यात तीन चतुर्थांशांहून जास्त. बाकीचा राज्याने घालायचा. सात कोटींच्या आसपास माणसं मेडिकेडवर आहेत आणि देशातल्या दर दहा बाळंतपणांपैकी चारेक बाळंतपणांचा खर्च तीच करते. अमेरिकेत नोकरीला गेलेल्या आपल्या लोकांचा तिच्याशी सहसा संबंध येत नाही. त्यांचा विमा कंपनीकडून असतो आणि ग्रीन कार्ड मिळाल्यावरही बहुतेक प्रौढांना मेडिकेडसाठी पाच वर्षं थांबावं लागतं. त्यामुळे त्याच राज्यातल्या रॅली-कॅरी शहरांकडे दहा-पंधरा वर्षं काढलेल्या मराठी कुटुंबालाही मेडिकेड म्हणजे टीव्हीवर भांडणारे पुढारी, एवढंच ठाऊक असण्याची शक्यता आहे.

मेडिकेडची एक गोष्ट मात्र लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे. ती हक्काची आहे. पात्रता पटली की नाव घालावंच लागतं. ‘यंदाचा कोटा संपला, पुढच्या वर्षी या’ असं म्हणता येत नाही.

आता तिच्या नियमांतली गाठ. मेडिकेड राहण्या-खाण्याचे पैसे देत नाही. अपवाद एकच: माणूस हॉस्पिटलमध्ये, नर्सिंग होममध्ये किंवा तशाच संस्थेत भरती असेल तर. तिथलं नर्सिंग होम म्हणजे म्हाताऱ्या किंवा परावलंबी माणसांना कायमचं ठेवायची जागा. तिथं महिन्याला हजारो डॉलर लागतात आणि त्यात खोली, खाट, तीन वेळचं जेवण सगळं धरलेलं असतं. हे मेडिकेड वर्षानुवर्षं भरते. तोच म्हातारा ‘मला माझ्या खोलीत राहू द्या, भाड्याला थोडा हात लावा’ म्हणाला तर नियम आडवा येतो. खाटेचे पैसे मिळतात, छपराचे नाहीत.

हा नियम किती उफराटा आहे ते १९८१ साली एका मुलीमुळे अख्ख्या देशाला कळलं. केटी बेकेट, आयोवा राज्यातल्या सीडर रॅपिड्सची. तान्ही असताना मेंदूज्वर झाला आणि श्वासाला यंत्राचा आधार लागू लागला. तीन वर्षांची झाली तेव्हा डॉक्टरांचं मत पडलं की घरी न्यायला हरकत नाही. पण घरी नेलं की मेडिकेड बंद, कारण आई-वडिलांची मिळकत मोजली जाणार. हॉस्पिटलात ठेवलं तर चालू. अध्यक्ष रेगन यांनी पत्रकार परिषदेत हे उदाहरण दिलं. हॉस्पिटलात ठेवायला महिन्याला सहा हजार डॉलर सरकार घालतं आणि घरी ठेवायला त्याच्या एक षष्ठांश लागतील ते देत नाही, यात शहाणपण कुठलं, असा त्यांचा सवाल होता. रेगन म्हणजे सरकारी खर्चाला कात्री लावायला निघालेला माणूस, हे विशेष. केटी त्याच डिसेंबरात घरी गेली. १९८२ च्या कायद्यात राज्यांना अशा मुलांसाठी कायमची सोय करायची मुभा मिळाली, तिला आजही केटी बेकेटचंच नाव आहे. केटी पुढे शिकली, अपंगांच्या हक्कांसाठी बोलत राहिली आणि ३४ वर्षं जगली.

नियमाला पडलेली ही मोठी फट होती. पण त्या फटीतून घरी येणारी नर्स आत आली, यंत्रं आली, अंघोळ घालणारी बाई आली. भाडं आणि जेवण बाहेरच राहिलं.

खरं तर अन्नाचा खर्च उपचारात का धरायचा नाही, हे कोणी विचारलंच नव्हतं असं नाही. १९६० च्या दशकाच्या उत्तरार्धात मिसिसिपीतल्या माउंड बायू या गावी जॅक गायगर नावाच्या डॉक्टरने सहकाऱ्यांबरोबर आरोग्य केंद्र काढलं. गुलामगिरीतून सुटलेल्या काळ्या लोकांनी वसवलेलं हे गाव. भोवती कापसाची शेतं, पण यंत्रं आल्यामुळे मजुरी गेलेली. मुलं यायची ती जुलाब झालेली, वजन घटलेली, उपाशी. गायगर आणि त्यांचे सहकारी औषधाच्या चिठ्ठीवर अन्न लिहून द्यायला लागले, गावातल्या किराणा दुकानांत ती चिठ्ठी चालायची आणि बिल आरोग्य केंद्राच्या फार्मसीच्या खात्यावर पडायचं. वॉशिंग्टनमधून जाब विचारायला माणूस आला: फार्मसीचे पैसे औषधासाठी असतात, ते रोगावरच्या उपचारासाठीच वापरायला हवेत. गायगर यांचं उत्तर वैद्यकीय वर्तुळात अजून सांगितलं जातं. कुपोषणावरचा खात्रीचा उपचार अन्न हाच आहे, असंच मागच्या वेळी वैद्यकाचं पुस्तक उघडलं तेव्हा त्यात लिहिलेलं होतं, अशा अर्थाचं काहीतरी ते म्हणाले. पुढे विहिरी झाल्या, संडास झाले, सहकारी शेती झाली.

आपल्याकडे १९७० साली डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे जामखेडला गेले तेव्हा त्यांनाही हेच दिसलं. लोकांना दवाखान्याआधी पाणी हवं होतं, आणि पाठोपाठ ७२ चा दुष्काळ आला. तिथंही कामात बोअरवेल, अन्न आणि गावातल्या अडाणी म्हटल्या जाणाऱ्या बायकांचं प्रशिक्षण आलंच. दोन्हीकडे पैसा देणगीचा किंवा अनुदानाचा होता. विम्याच्या हिशेबात ही कामं बसवायची, ही पुढची आणि वेगळीच कटकट.

विम्याचा हिशेब कोडवर चालतो. मेडिक्लेमचं बिल कधी नीट वाचलं असेल तर कल्पना असेल. प्रत्येक गोष्टीला नाव, क्रमांक, दर. ज्याला क्रमांक नाही ते त्या जगात घडलेलंच नाही. तेव्हा विम्याने कार्पेट काढावं असं वाटत असेल, तर आधी ‘कार्पेट काढणे’ ही सेवा म्हणून जन्माला घालावी लागते. तिची व्याख्या, कोणाला द्यायची, वर्षाला कमाल किती, पावती कोण तपासणार, सगळं कागदावर आणावं लागतं.

हे करायची वाट कायद्यात होती. तिकडच्या सामाजिक सुरक्षा कायद्याचं कलम १११५. हे कलम मेडिकेडहूनही जुनं, १९६२ चं. राज्याला काही नवं करून बघायचं असेल तर केंद्र त्याला ठरावीक वर्षांसाठी नियमांतून सूट देऊ शकतं. तिकडे याला नुसतं ‘वेव्हर’ म्हणतात. मुख्य अट अशी: सूट दिल्यामुळे केंद्राचा एकूण खर्च, सूट नसती तर झाला असता त्यापेक्षा वाढता कामा नये. आता नसती तर काय झालं असतं हे कोण सांगणार? दोन्ही बाजूंचे अकाउंटंट महिनोन् महिने त्यावर घासाघीस करतात. धोरणाच्या नावाखाली जे चालतं त्यातलं बरंचसं हेच असतं.

नॉर्थ कॅरोलायनाने ऑक्टोबर २०१८ मध्ये अशी सूट मिळवली. राज्याच्या आरोग्य सचिव तेव्हा डेमोक्रॅट गव्हर्नरने नेमलेल्या मँडी कोहेन होत्या, वॉशिंग्टनमध्ये रिपब्लिकन ट्रम्प यांची पहिली कारकीर्द होती. म्हणजे हा एकाच पक्षाचा लाडका कार्यक्रम होता असं म्हणायला जागा नाही. पाच वर्षांत ६५ कोटी डॉलरपर्यंत खर्चाची परवानगी. निवडलेल्या काउंट्या तीन भागांत: पूर्वेकडच्या ९, विल्मिंग्टनभोवती समुद्रकाठच्या ६ आणि ॲशव्हिलकडच्या डोंगरातल्या १८. सगळा मुख्यतः ग्रामीण भाग. मग कोविड आला, वेळ गेला. पहिल्या अन्नपेट्या मार्च २०२२ मध्ये निघाल्या, घर आणि प्रवासाच्या सेवा त्यानंतर दोनेक महिन्यांनी.

त्यांचं दरपत्रक वाचण्यासारखं होतं. २९ सेवा. फळं-भाज्यांची लहान पेटी आणि मोठी पेटी, त्यातही स्वतः येऊन न्यायची आणि घरपोच, असे वेगळे दर. आजाराप्रमाणे शिजवलेलं जेवण. घराची सुरक्षितता तपासणी. बुरशी, गळती, किडे यांसाठी घरदुरुस्ती, वर्षाला ५,००० डॉलरच्या मर्यादेत. नव्या घराचं डिपॉझिट आणि पहिल्या महिन्याचं भाडं, एकदाच. घरात मारहाण होत असेल तर तिथून बाहेर पडायला मदत. हृदयाच्या शस्त्रक्रियेचं पॅकेज असतं तशाच थाटात कोबी-गाजराच्या पेटीला क्रमांक आणि दर मिळाला होता. मला या प्रकरणातली ही सगळ्यात क्रांतिकारक आणि सगळ्यात रटाळ गोष्ट वाटते, एकाच वेळी.

आपल्या मुलाचं काम यात असं झालं असतं. दवाखान्यात किंवा फोनवर आईला ठरलेले प्रश्न विचारले जातात. गेल्या बारा महिन्यांत पैसे यायच्या आत घरातलं अन्न संपेल अशी काळजी वाटली का? राहत्या घराची काही अडचण आहे का? गाडी नाही म्हणून दवाखाना चुकला का? घरात असुरक्षित वाटतं का? किमान एक आजार किंवा आजाराचा धोका आणि किमान एक सामाजिक अडचण, असे दोन्ही असतील तरच पात्र. मग केअर मॅनेजर म्हणजे राज्याच्या वतीने मेडिकेड चालवणाऱ्या विमा कंपनीच्या बाजूची मदतनीस अर्ज पुढे सरकवते, मंजुरी येते, निरोप कॉम्प्युटरवरून स्थानिक संस्थेला जातो. संस्थेचा माणूस घर बघतो, मालकाची परवानगी घेतो, कार्पेट निघतं, साधी फरशीसारखी शीट बसते. फोटो, पावती, बिल. पैसे काही आठवड्यांनी संस्थेच्या खात्यात.

ही संस्था कोण, ते बघा. चर्चच्या तळघरात चालणारी अन्नपेढी, शेतकऱ्यांचा छोटा गट, बेघरांसाठी राबणारे चार जण. हे लोक आयुष्यभर देणगीवर चाललेले. त्यांना एकदम विमा कंपनीला क्लेम पाठवायला सांगितलं. कोड चुकला की क्लेम परत. आपल्याकडच्या एखाद्या बचतगटाला उद्यापासून पोळ्यांचं बिल टीपीएच्या (विम्याचे क्लेम तपासणाऱ्या मधल्या कंपनीच्या) पोर्टलवर चढवायला सांगितलं तर काय होईल, तेच तिथं झालं. म्हणून मधे एक दुवा नेमावा लागला, प्रत्येक भागात एक संस्था, जी या लहानांच्या वतीने कागदपत्रं सांभाळायची. तिचा खर्च वेगळा. ‘एवढे पैसे मधेच जिरतात’ ही तक्रार त्यातूनच आली आणि ती अगदीच खोटी नव्हती.

पण त्याच जाळ्याने सप्टेंबर २०२४ मध्ये कमाल केली. हेलीन चक्रीवादळाने पश्चिमेकडचे डोंगर धुऊन काढले, रस्ते गेले, ॲशव्हिलला कित्येक आठवडे पिण्याजोगं पाणी नव्हतं. तेव्हा कोणत्या वळणावर कोण आजारी राहतं आणि पेटी कुणाकडून उचलायची, हे ठाऊक असलेली माणसं आणि गाड्या आधीच तयार होत्या.

मग उपयोग झाला का? इथं मी जरा रेंगाळणार आहे, कारण या प्रश्नावर दोन्हीकडून फार थापा मारल्या जातात.

राज्याने नेमलेल्या विद्यापीठाच्या अभ्यासकांनी हिशेब मांडला. सेवा सुरू झाल्यावर सुरुवातीला खर्च वाढला, जे साहजिकच आहे, कारण पेट्यांचे पैसे वर पडले. मग इमर्जन्सीच्या खेपा कमी होत गेल्या आणि खर्चाची रेघ खाली वळली. राज्याच्या मूल्यमापनात माणशी महिना सुमारे ८५ डॉलर कमी खर्चाचा आकडा आला. ऐकायला छान. पण सेवा कुणाला द्यायची ते इथं चिठ्ठ्या टाकून ठरवलेलं नव्हतं, म्हणून संशयाला जागा राहतेच.

तो संशय का धरायचा, ते न्यू जर्सीतल्या कॅमडेन शहराने शिकवलं. तिथं जेफ्री ब्रेनर या डॉक्टरने आकडे चाळून पुन्हा पुन्हा हॉस्पिटलात येणारी माणसं शोधली आणि त्यांच्यामागे नर्स, समाजसेवक असा ताफा लावला. त्यांच्या खेपा धडाधड कमी झाल्या, देशभर कौतुक झालं. मग ८०० रुग्ण घेऊन, चिठ्ठ्या टाकाव्यात तसे दोन गट पाडून रीतसर चाचणी केली. निकाल जानेवारी २०२० मध्ये छापून आला: सहा महिन्यांत पुन्हा भरती होणाऱ्यांचं प्रमाण ताफा असलेल्या गटात ६२.३ टक्के, नसलेल्या गटात ६१.७. काहीच फरक नाही. झालं असं होतं की माणूस सगळ्यात वाईट अवस्थेत असताना त्याला निवडलं, तर पुढच्या काही महिन्यांत तो आपोआपही थोडा सावरतो. सावरलेला दिसला की श्रेय ताफ्याला. ब्रेनर यांचं कौतुक यासाठी करायचं की आपल्याच कामाची अशी कडक परीक्षा त्यांच्या संस्थेने घेऊ दिली.

डायबेटिसवाल्यांना आठवड्याला दहा जेवणांचं पौष्टिक सामान देऊन अशीच चाचणी झाली, डिसेंबर २०२३ मध्ये प्रसिद्ध झाली. साखरेचा तीन महिन्यांचा आकडा अन्न मिळालेल्यांचा उतरला. न मिळालेल्यांचाही जवळपास तेवढाच उतरला.

आता यावरून ‘अन्न हे औषध वगैरे सगळं थोतांड’ असं म्हणणारे निघाले. तसं नाही. झारखंडात डॉ. अनुराग भार्गव, डॉ. माधवी भार्गव आणि सहकाऱ्यांनी क्षयरुग्णांच्या घरच्यांना सहा महिने शिधा दिला, माणशी महिन्याला पाच किलो तांदूळ आणि दीड किलो डाळ, वर जीवनसत्त्वांच्या गोळ्या. तुलनेच्या गटातल्या घरांना तो मिळाला नाही. शिधा मिळालेल्या घरांतून नवा क्षय ३९ टक्क्यांनी कमी झाला. २०२३ साली लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात हा निकाल आला. फरक कुठं पडला? तिथं उपासमार हीच आजाराची मुळी होती, अगदी माउंड बायूतल्या मुलांसारखी. अमेरिकेतल्या मधुमेही माणसाच्या घरात उष्मांकांची कमतरता सहसा नसते, तिथं अडचण दुसरीच असते आणि दहा जेवणांचं सामान तिला पुरं पडत नाही. दम्याच्या खोलीतलं बुरशीचं कार्पेट हे झारखंडच्या तांदळाच्या बाजूचं आहे असं माझं मत. कारण आणि आजार एकमेकांना खेटून आहेत. ‘एकटेपणा’ किंवा ‘ताण’ यांच्या बाबतीत ते अंतर लांब आहे, तिथं विम्याच्या पैशाने काय विकत घ्यायचं हेच धड ठरत नाही.

आणखी एक गोष्ट मला खटकते. कर्करोगावरच्या महागड्या इंजेक्शनला कोणी विचारत नाही की याने सरकारचे पैसे वाचले का. माणूस बरा झाला, चार दिवस जास्त जगला, एवढं पुरतं. भाजीच्या पेटीने मात्र वर्षाच्या आत स्वतःची किंमत वसूल करून दाखवायची. हा दंडक सगळ्या उपचारांना लावला तर निम्मी हॉस्पिटलं बंद पडतील.

शिवाय वाचलेले पैसे नेमके कुणाच्या खिशात जातात हाही घोळ आहेच. कार्पेटचे पैसे मेडिकेडने दिले. मुलगा शाळेत नियमित जाऊ लागला, फायदा शाळा खात्याचा. आईचे खाडे कमी झाले, फायदा तिच्या मालकाचा. घर सुधारलं, फायदा घरमालकाचा. विमा कंपनीचं कंत्राट दोन वर्षांत बदललं तर पुढच्या वर्षांतल्या कमी झालेल्या खेपांचा फायदा दुसऱ्याच कंपनीला. एकत्र कुटुंबात गॅसची टाकी कोणी भरायची यावरून जी भांडणं होतात, त्यातलाच हा प्रकार, फक्त शून्यं जास्त.

मग साधा प्रश्न येतो, आणि तो विचारणारे शहाणे आहेत: घरभाड्यासाठी घरांचं खातं आहे, अन्नासाठी फूड स्टॅम्प (गरिबांना किराण्यासाठी मिळणारी सरकारी मदत) आहेत, तिथंच पैसे वाढवा की. आजारी पडल्यावर डॉक्टरच्या चिठ्ठीवर घर कशाला? तत्त्व म्हणून हे मला पटतं. पण मघाशी लक्षात ठेवायला सांगितलेली गोष्ट इथं येते. घरभाड्याची केंद्रीय मदत हक्काची नाही. पात्र कुटुंबांपैकी जेमतेम चौथा हिस्सा तिच्यापर्यंत पोचतो, बाकीचे वेटिंग लिस्टवर वर्षानुवर्षं. मेडिकेड हक्काची आहे, तिचा नळ वाहता आहे. सगळ्यांच्या घागरी त्याच नळाखाली आल्या यात घागरी आणणाऱ्यांचा दोष कमी.

इतर राज्यांनीही घागरी आणल्या. कॅलिफोर्नियाने जानेवारी २०२२ पासून आपल्या विमा कंपन्यांना १४ प्रकारच्या मदती द्यायची मुभा दिली, दम्यासाठी घरदुरुस्ती त्यात आहे. न्यूयॉर्कला जानेवारी २०२४ मध्ये सूट मिळाली. ऑरेगनची गोष्ट मात्र वेगळी सांगायला हवी. जून २०२१ अखेर तिकडे अशी उष्णतेची लाट आली की पोर्टलंडमध्ये पारा ४६ अंशांच्या वर गेला. आपल्या चंद्रपूर-अकोल्याचं ऊन, पण बऱ्याच घरांत एसी नाही, घरं थंडी अडवायला बांधलेली. शंभराच्या आसपास माणसं गेली, बरीचशी एकटी राहणारी म्हातारी, बंद खोल्यांत. त्या राज्याने मार्च २०२४ पासून मेडिकेडमधून ठरावीक आजारी लोकांना एसी आणि हवा शुद्ध करणारी यंत्रं द्यायला सुरुवात केली, देशात पहिल्यांदाच. विम्यातून एसी हे ऐकून हसू येतं खरं. उष्माघाताने बेशुद्ध झालेल्याच्या आयसीयूचं बिल विम्यातून भरताना कुणी हसत नाही.

आपल्याकडे हा प्रश्न वेगळ्या वळणाने येतो. महात्मा फुले जन आरोग्य योजना ही भरती झाल्यावरची योजना आहे, पॅकेज ऑपरेशनचं किंवा उपचाराचं. तिच्याआधीच्या केंद्राच्या राष्ट्रीय स्वास्थ्य विमा योजनेत मात्र एक छोटीशी जाणती तरतूद होती: दर भरतीमागे १०० रुपये गाडीभाडं, वर्षाला १,००० रुपयांपर्यंत. गडचिरोली किंवा नंदुरबारकडच्या माणसाला त्याचं मोल सांगायला नको. क्षयरुग्णांना पोषणासाठी महिन्याला मिळणारे पैसे, जे नोव्हेंबर २०२४ पासून ५०० चे १,००० रुपये झाले, ते विम्यातून नव्हे तर थेट खात्यात येतात. कोड नाही, क्लेम नाही, केअर मॅनेजर नाही. आधार जोडलेलं असलं आणि बँकेने नाटक केलं नाही तर ही वाट जास्त सरळ आहे.

नॉर्थ कॅरोलायनाकडे परत. डिसेंबर २०२४ मध्ये केंद्राने त्यांची सूट आणखी पाच वर्षांसाठी वाढवली आणि प्रयोग राज्यभर न्यायला होकार दिला. पण राज्याचा वाटा राज्याच्या विधिमंडळाने मंजूर करायचा असतो आणि २०२५ च्या बजेटच्या मसुद्यांत दोन्ही सभागृहांनी त्यासाठी पैसे ठेवले नाहीत. १ जुलै २०२५ पासून सेवा थांबल्या. ज्या शेतकऱ्यांनी या पेट्यांच्या भरवशावर जास्तीची लागवड केली होती त्यांचा माल ऐन हंगामात अंगावर आला. केंद्राचीही भाषा तोवर बदलली होती. सामाजिक गरजांसाठी मेडिकेड कशी वापरावी याची आधीच्या सरकारने दिलेली मार्गदर्शिका ४ मार्च २०२५ रोजी मागे घेतली गेली, यापुढे एकेक प्रस्ताव सुटा बघू, असं सांगितलं गेलं. आणि ४ जुलैला अध्यक्ष ट्रम्प यांनी सही केलेल्या कायद्याने मेडिकेडच्या पैशालाच मोठी कात्री लावली. २०२७ पासून बऱ्याच प्रौढांना महिन्याला ८० तास काम केल्याचा पुरावा द्यावा लागणार आहे. अर्कान्सास राज्याने २०१८ मध्ये असा नियम लावला तेव्हा काही महिन्यांत १८,००० हून जास्त लोकांचा विमा गेला होता.

बाकी राज्यांच्या सुटींनाही तारखा आहेत. कॅलिफोर्नियाची २०२६ च्या अखेरीस संपते, न्यूयॉर्कची मार्च २०२७ ला, ऑरेगनची त्याच वर्षी सप्टेंबरात. नॉर्थ कॅरोलायनाच्या हातात परवानगी २०२९ पर्यंतची आहे, २९ सेवांचं दरपत्रकही तयार आहे. कार्पेट काढायच्या ओळीसमोर दर अजून तोच, ५,००० डॉलरपर्यंत.